वॉरक्राफ्टमधला डेथ नाइट म्हणजे नेमका कोण? शरीर कुणाचं, आत्मा कुणाचा, मर्जी कुणाची?

वेताळटेकडी
शुक्रवार, रात्री १०.४०

मंडळी, काल गुरुवार, त्यामुळे आमच्या भागात दुपारपर्यंत लाइट नव्हती. भाचा सुट्टीला आलाय. लॅपटॉपची बॅटरी उतरली तसा तो गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मामा, माझं कॅरेक्टर डेथ नाइट आहे, आर्थसही डेथ नाइट होता. मग शॅडोमून व्हॅलीत मला टेरॉन गोरफीन्डचा दंड शोधायला का सांगतायत? डेथ नाइटकडे तलवार असते ना?"

काहीतरी उत्तर दिलं, पण ते अर्धंच होतं हे रात्री अंथरुणावर पडल्यावर जाणवलं. माणसं आणि ऑर्क नावाच्या दांडग्या योद्ध्यांच्या लढायांचा कॉम्प्युटर गेम वॉरक्राफ्ट ज्यांनी जीव लावून खेळलाय त्यांच्याशी हे नीट बोलायचंय, म्हणून हा धागा.

वॉरक्राफ्ट टू, डिसेंबर १९९५. तिथला डेथ नाइट तलवारबाज नव्हताच, तो जादूगार होता. माणसांच्या फौजेत जी जागा मेज ह्या जादूगाराची, तीच ऑर्कांच्या फौजेत ह्याची. टेम्पल ऑफ द डॅम्ड बांधलं की तो मिळायचा. सापळ्याच्या घोड्यावर बसलेला, आणि मारायचा तो लांबूनच. डेथ अँड डिके टाकला की शत्रूच्या इमारतीसुद्धा ढासळत जायच्या. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माऊसवरचा हात काढून नुसता बघत बसलो होतो.

त्याच्या जन्माची कथा तर अंगावर येते. माणसांचा जादूगार मेडिव्ह मेला त्या क्षणी ऑर्कांचा काळा जादूगार गुलदान त्याच्या मनात शिरलेला होता. त्या धक्क्याने गुलदान बेशुद्ध पडला. शुद्धीवर आला तोवर ऑर्ग्रिम डूमहॅमरने ऑर्कांचा प्रमुख ब्लॅकहँड ह्याला मारून सत्ता घेतली होती आणि गुलदानच्या शॅडो कौन्सिल ह्या गुप्त मंडळाचा फडशा पाडला होता. मान वाचवायला गुलदानने डूमहॅमरला शब्द दिला की तुला न मरणारे स्वार देतो. माणसांच्या स्टॉर्मविंड राज्याच्या पडलेल्या सरदारांची प्रेतं त्याने घेतली आणि त्यांत आपल्या मेलेल्या वॉरलॉकांचे, म्हणजे काळ्या जादूगारांचे, आत्मे घातले. त्यांच्या हातातले रत्नजडित दंड भारायला नेक्रोलाइट ह्या ऑर्क पुजाऱ्यांचा बळी दिला. पहिला उठला तो टेरॉन.

आपल्याकडे ह्याला शब्द तयार आहे: परकायाप्रवेश. शंकराचार्य अमरू राजाच्या मृत देहात शिरले ती गोष्ट आजीने सांगितली असेलच. तिकडे शिष्य गुहेत आचार्यांचा मूळ देह राखत बसले होते. टेरॉनचा देह कुणी राखला नव्हता, त्यामुळे परतायचा प्रश्नच नाही. शरीर माणसाचं, आत्मा ऑर्कचा, आणि मर्जी पूर्णपणे त्याची स्वतःची. त्याला कुणी फसवलं नाही, कुणी बांधलं नाही. त्याला हेच हवं होतं.

आता २००२ च्या वॉरक्राफ्ट थ्रीमधला आर्थस घ्या. देह त्याचाच, लॉर्डेरॉनच्या राजपुत्राचा. नॉर्थरेंड ह्या बर्फाळ खंडात तो स्वतःच्या पायांनी गेला. माझ्या लोकांना वाचवायला काहीही द्यायला तयार आहे असं म्हणाला. बर्फ फुटला, सोबती मुराडिन निपचित पडला, आणि आर्थसने फ्रॉस्टमोर्न ही तलवार उचलली. त्या तलवारीने घेतलेला पहिला आत्मा उचलणाऱ्याचाच. म्हणजे टेरॉनमध्ये परका आत्मा आत आला आणि आर्थसमधून स्वतःचा बाहेर गेला. दोन्ही क्रिया अगदी उलट्या, आणि नाव मात्र एकच.

तिसरे आपण खेळाडू, २००८ चे, एकेरस ह्या तरंगत्या किल्ल्यात उठलेले. देह आपला, आत्मा आपला, मर्जी लिच किंगची (मेलेल्यांच्या फौजेचा राजा), आणि पुढे ती परत मिळालेली.

पहिली पिढी, दुसरी पिढी, तिसरी पिढी असं म्हटलं की आजा, बाप, नातू असं वाटतं. माझं म्हणणं असं की इथे वंश एक नाहीच. ह्या तीन वेगळ्या जाती आहेत. तुम्हाला काय वाटतं?


नारायणपेठी
शुक्रवार, रात्री ११.२५

वेताळटेकडी, विषय काढलात, फार बरं केलंत. शरीर-आत्मा-मर्जी ही मांडणी पटली. पण वंश एक नाही हे पटलं नाही, कारण मधला दुवा तुम्ही सोडलात. तो म्हणजे गुलदानचा ऑर्क गुरू नेर्झूल.

बियाँड द डार्क पोर्टल, वॉरक्राफ्ट टूचा पुढचा भाग, १९९६. मी ते नारायण पेठेतल्या एका मित्राच्या घरी खेळलो, माळ्यावर. वर पत्रा, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी कॉम्प्युटर लावायचा नाही असा त्याच्या वडिलांचा दंडक होता. गुलदान मेलेला, ऑर्कांची फौज होर्ड हरलेली. अशा वेळी टेरॉन ऑर्कांच्या जगात, ड्रेनॉरवर, जाऊन म्हाताऱ्या नेर्झूलला उठवतो. म्हणतो, गुलदानची कवटी, मेडिव्हचं पुस्तक आणि सार्गेरसचा राजदंड मिळाला तर नव्या जगांची दारं उघडता येतील. ह्यात टेरॉनचा स्वतःचा स्वार्थ होता. त्याला आपल्या डेथ नाइटांसाठी स्वतंत्र जग हवं होतं.

दारं उघडली, ड्रेनॉर फाटलं, नेर्झूल पळाला आणि किलजेडन ह्या दैत्याच्या तावडीत सापडला. किलजेडनने त्याचा देह फाडून काढला, आत्मा चिलखतात कोंबला, चिलखत बर्फात गोठवलं आणि ते नॉर्थरेंडवर फेकून दिलं. तोच लिच किंग. आर्थसला ज्याने ओढलं तो हाच.

म्हणजे ज्या माणसाने डेथ नाइट पहिल्यांदा जवळून पाहिले, त्यांच्याबरोबर मोहीम काढली, त्यानेच पुढे स्वतःचे डेथ नाइट घडवले. वंश रक्ताचा नसेल, पण गुरुपरंपरेसारखा आहेच.

आणि बघा, त्याच्याबरोबर जे जादूगार पकडले गेले त्यांना लिच केलं गेलं, डेथ नाइट नव्हे. जुन्या प्रकारचं काम, म्हणजे मेलेल्या जादूगाराला मंत्रासाठी वापरणं, लिचकडे गेलं. डेथ नाइटची जागा त्याने वेगळ्या माणसासाठी ठेवली. मला तरी कारण दिसतं ते असं: टेरॉन वेशीपाशी दिसला की लोक दारं लावून घ्यायचे. आर्थस लॉर्डेरॉनमध्ये परतला तेव्हा लोकांनी फुलं उधळली. बापापर्यंत तो उघड्या दारातून चालत गेला.


निळी_रून
शनिवार, सकाळी ८.१०

फुलांचा प्रसंग आठवून सकाळी सकाळी पोटात कालवलं. आर्थसच्या पायाजवळ पडलेली ती पाकळी.

मी तिसऱ्या पिढीबद्दल लिहिते, कारण माझी तीच. नोव्हेंबर २००८. मी कर्वेनगरला तीन मैत्रिणींबरोबर राहत होते, एक कनेक्शन चौघींत. त्या दोघी-तिघी रात्री झोपल्या की मग मला नीट वेग मिळायचा, म्हणून माझा सगळा एकेरस पहाटे दोन ते पाचमधला आहे. आपल्याकडे आधी ५५ लेव्हलचं एक कॅरेक्टर असल्याशिवाय डेथ नाइट काढता यायचा नाही. मी त्यासाठी अख्खा पावसाळा घालवला होता.

वेताळटेकडी, "मर्जी लिच किंगची" हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. खेळताना ते तसं वाटत नाही. रूनब्लेड ही तलवार हातात आल्यावर लगेच एक काम असतं: साखळदंडात बांधलेले जे आहेत त्यांतल्या एकाला सोडा आणि त्याच्याशी लढा. जो हरेल तो मेला. म्हणजे तुमच्यासारखाच उठवलेला, फक्त अजून पास न झालेला. मी त्याला मारला आणि पुढे गेले. मला काहीच वाटलं नाही. गेम इतक्या वेगाने एकेक काम हातात देतो की वाटायला उसंत नसते.

मग न्यू अवलॉन गावात तो कैदी. तुमच्या कॅरेक्टरच्या जातीचाच असतो. मी नाइट एल्फ, तर तीही नाइट एल्फ. ती मला ओळखते. तू अशी नव्हतीस, आठव, असं सांगत राहते. आणि काम असतं तिला मारायचं. मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. किती वेळ गेला ठाऊक नाही. नकाराचं बटणच नव्हतं. पुढे जायचं तर तेवढीच एक वाट. तेव्हा मला कळलं की "मर्जी दुसऱ्याची" म्हणजे काय. कुणी हात धरून वार करवत नाही. समोर एकच दार ठेवलेलं असतं.

नंतर लाइट्स होप चॅपलवरची चाल. आपण दहा हजार, ते तीनशे. आणि आपण हरतो, कारण जिंकायला पाठवलेलंच नव्हतं. पॅलाडिन (धर्मयोद्धा) टिरियन फोर्ड्रिंगला लपलेल्या जागेतून बाहेर काढायचं होतं, त्यासाठी आपण सगळे गळाला लावलेलं आमिष. आपला म्होरक्या डॅरियन मोग्रेन ह्याला ते उमगतं, तो अ‍ॅशब्रिंगर तलवार टिरियनकडे फेकतो, आणि तिथे आपली सुटका.

सुटल्यावर स्टॉर्मविंडला राजाकडे पत्र घेऊन जावं लागतं. रस्त्यावर लोक कुजकी फळं मारतात. मला ते दृश्य संपूर्ण खेळात सगळ्यांत खरं वाटतं. सुटका झाली म्हणून केलेलं पुसलं जात नाही, आणि ज्यांची माणसं गेली त्यांनी ते का विसरावं?


औंधकर
शनिवार, दुपारी १.००

ताई, फार सुंदर लिहिलंत. मी दोन मुद्दे जोडतो.

पहिला, भूक. एबन ब्लेड ह्या सुटलेल्यांच्या गटातल्या डेथ नाइटला दुसऱ्याला वेदना दिल्याशिवाय राहवत नाही. फार काळ आवरलं तर तो स्वतःच भ्रमिष्ट होतो. ही भूक टेरॉनला नव्हती. तो क्रूर होता, पण त्याचा क्रूरपणा हा त्याचा स्वभाव, व्याधी नव्हे. मग तिसऱ्या पिढीची मर्जी "परत मिळाली" असं म्हणायचं का? लिच किंगने साखळी सोडली, पण साखळीची खिटी आतच ठेवली. मला अश्वत्थामा आठवतो. युद्ध संपलं, पक्ष संपले, स्वामी संपला, आणि कपाळावरची जखम मात्र वाहतेच आहे. तेल मागत फिरतो म्हणतात. डेथ नाइटही दारोदार काहीतरी मागतच फिरतो, फक्त ते तेल नसतं.

दुसरा मुद्दा वेताळटेकडींच्या मांडणीला थेट छेद देणारा आहे. दुसऱ्या पिढीत आर्थस एकटा नाही. लिच किंगच्या नॅक्सरामस किल्ल्यातले चार घोडेस्वार घ्या. त्यातला सर झेलिएक. जिवंतपणी पॅलाडिन होता. मेल्यावर उठवला, फौजेत घातला, आणि तरीही त्याच्या हातून होली लाइटच निघतो. मारताना तो आपली माफी मागतो, पळून जा म्हणतो. शरीर त्याचं, श्रद्धा त्याची, मनही त्याचं. फक्त हात दुसऱ्याच्या हुकमातले. आर्थस आणि झेलिएक एकाच पिढीचे, एकाच सत्तेचे, पण एकाने स्वतःहून मूठ आवळली आणि दुसऱ्याची मूठ आवळून धरली गेली. पिढीवरून माणूस कळत नाही, हे झेलिएकमुळे सिद्ध होतं.

त्या लढाईत हीलरने (जखमा भरणाऱ्याने) घोडेस्वारांच्या जागा बदलताना ताल चुकवला की सगळे मरायचे. मी हीलर होतो. झेलिएकच्या कोपऱ्यात उभं राहून त्याचे शब्द पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. बाकी तिघांचे आवाज मला आता आठवत नाहीत.


वेताळटेकडी
शनिवार, रात्री ९.३०

औंधकर, झेलिएकबाबत माझ्याकडे उत्तर नाही. तुमचं बरोबर आहे, "तीन जाती" हे माझं म्हणणं मागे घेतो. नारायणपेठींचा नेर्झूलचा दुवाही मान्य. तीन प्रश्न मात्र ठेवतो. ते पिढीला न विचारता एकेका माणसाला विचारायचे, एवढी दुरुस्ती.

आज सकाळी टेकडीवर फिरताना हेच डोक्यात होतं. वर वेताळाचं देऊळ आहे, तिथे थोडा वेळ बसलो. आपला वेताळ प्रेतात राहतो, पण तो कुणाचा गुलाम नाही. उलट विक्रम राजालाच फेऱ्या मारायला लावतो. तो टेरॉनच्या जवळचा आहे. आर्थससारखा आपल्याकडे कोण, ते मला अजून सापडलेलं नाही.

मग वीरगळ आठवले. पुणे जिल्ह्यात गावोगावी देवळाबाहेर हे दगड उभे असतात, बऱ्याच जागी शेंदूर फासलेले. सगळ्यांत खालच्या पट्टीत वीर लढताना किंवा पडलेला. वरच्या पट्टीत अप्सरा त्याला नेताना. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याची कीर्ती राहो. लढताना पडलेला माणूस पट्टी-पट्टीने वर जातो आणि खालच्या लोकांची जबाबदारी एवढीच की दगड उभा करायचा आणि त्याला जाऊ द्यायचं.

स्कर्जचा, म्हणजे लिच किंगच्या फौजेचा, खरा गुन्हा मला तिथे दिसला. ते वीराला खालच्या पट्टीतच अडकवून ठेवतात.

म्हणून खेळाच्या २०१६ च्या लीजन ह्या भागातली ती मोहीम मला अजून पचलेली नाही. एबन ब्लेडला नवे चार घोडेस्वार हवे होते. नाझग्रिम उठवला, थोरास ट्रोलबेन उठवला, व्हाइटमेन उठवली. आणि चौथा म्हणून कोण? टिरियन. ज्याने आपल्याला सोडवलं, त्याचंच थडगं. आणि जागा कुठली? तेच लाइट्स होप.


निळी_रून
शनिवार, रात्री १०.०५

ते मी माझ्या त्याच नाइट एल्फवर खेळले. आठ वर्षांनी त्याच चॅपलवर चाल करून. ह्या वेळी लिच किंग नवा, बोल्वार, होता आणि मला बांधलेलं नव्हतं, हा फरक. मी स्वेच्छेने गेले असं कथा म्हणते. थडग्यापाशी पोहोचल्यावर लाइटने आम्हाला फेकून दिलं आणि मला जे वाटलं त्याला सुटका हाच शब्द आहे. टिरियनला कुणीतरी राखलं होतं. डॅरियन त्यात गेला आणि चौथा घोडेस्वार म्हणून तोच उठवला गेला. एकदा स्वतःच्या वडिलांचा आत्मा सोडवायला मेलेला माणूस, दुसऱ्यांदा हे.

काही जण त्या मोहिमेला चुकीचं लेखन म्हणतात. मला ती डेथ नाइटबद्दल लिहिलेली सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट वाटते. ज्यांना उठवलं गेलं ते संधी मिळताच दुसऱ्यांना उठवायला निघाले, कारण त्यांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं.


खडकवासला_०७
रविवार, सकाळी ११.१५

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा बराच लहान, २०२० मध्ये सुरुवात केली. चौथ्या पिढीचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय.

माझा डेथ नाइट पांडारेन, म्हणजे पांडासारख्या जातीचा. बोल्वारने ८.३ पॅचमध्ये उठवलेल्यांपैकी. आमची सुरुवात आइसक्राउनमध्ये, अगदी छोटी. कैदी नाही, साखळदंडातले नाहीत, लाइट्स होप नाही. संकट येतंय, मदत करा, एवढंच. पहिल्या मिनिटापासून मर्जी आमची. शरीर आमचं, आत्मा आमचा, मर्जी आमची. वेताळटेकडी काकांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं साफ आहेत.

पण ताईंनी कैद्याबद्दल लिहिलेलं वाचून मी काल मुद्दाम ह्यूमन डेथ नाइट नवा काढला आणि ती जुनी सुरुवात खेळलो. रात्री झोप आली नाही. आता माझा पांडारेन मला थोडा पोकळ वाटतोय. त्याला एक प्रश्न मात्र कुणीच विचारला नाही, तो म्हणजे उठायचंय का? मर्जी दिली ती उठवल्यावर.

आणि शॅडोलँड्स ह्या पुढच्या भागात कळतं की लिच किंगचं शिरस्त्राण आणि फ्रॉस्टमोर्न दोन्ही मृत्युलोकातल्या जेलरच्या कैदेतल्या रूनकार्व्हरने घडवली. म्हणजे लिच किंगसुद्धा कुणाच्या तरी डावातलं प्यादं. हे तुम्हा जुन्या लोकांना आवडलं का?


नारायणपेठी
रविवार, दुपारी १२.३०

खडकवासला, "उठायचंय का हे कुणी विचारलं नाही" हे ह्या धाग्यातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य. तो चौथा प्रश्न म्हणून वर जोडायला हवा. त्याला होकार देणारा मला एकच दिसतो, टेरॉन.

जेलरबद्दल: नाही आवडलं. आर्थसच्या शोकांतिकेचं वजन त्याच्या स्वतःच्या पावलांत होतं. वर आणखी एक सूत्रधार बसवला की पावलं हलकी होतात.

टेरॉनबद्दल शेवटचं. वेताळटेकडी, भाचा शॅडोमून व्हॅलीत दंड शोधतोय म्हणालात. म्हणजे तो २००७ च्या बर्निंग क्रुसेडमधल्या त्या क्वेस्टवर आहे. एक प्राचीन आत्मा टेरॉनची कहाणी सांगतो आणि तुमच्याकडून चिलखत, झगा, दंड गोळा करून घेतो. शेवटी तुम्ही टेरॉनचं रूप घेऊन लढता आणि मग कळतं की तो आत्माच टेरॉन होता, आणि तुम्ही त्याला मोकळं केलंत. मग तो ब्लॅक टेंपलमध्ये भेटतो. तिथे तो रेडमधल्या, म्हणजे चाल करून गेलेल्या खेळाडूंच्या टोळीतल्या, एकाला मरण लावतो, आणि मेलेला माणूस मिनिटभर भूत होऊन बाकीच्यांसाठी लढतो. तीस वर्षांपूर्वीची युक्ती त्याने सोडली नाही. अजूनही दुसऱ्याच्या देहातूनच परत येतो. भाच्याच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर ते आहे. टेरॉनला तलवार लागतच नाही.


वेताळटेकडी
रविवार, रात्री ९.५०

भाचा हा धागा वाचत नाही, म्हणून इथे लिहितो. चिलखत आणि झगा त्याला कालच मिळाले. आज जेवणाआधी दंडही मिळाला. पळत स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "मामा, तो आत्मा बिचारा किती वर्षं अडकलाय, आता देऊन टाकतो सगळं." मी म्हटलं, आधी जेवून घे.

आता पानं उचलली आहेत. तो आत खुर्ची ओढतोय, मला हाक मारतोय. मी काही सांगणार नाहीये. शेजारी जाऊन बसतो.